किंमत उतरते, खर्च उतरत नाही!

दोन दारे, लांबलचक बॉनेट आणि मागे उतरत गेलेले छत, अशा स्पोर्ट्‌स कूपे मोटारीची भुरळ अनेकांना पडते. नवी मोटार आवाक्याबाहेरची असल्याने ग्राहक जुन्या मोटारींच्या बाजाराकडे वळतात. तेथे एक गणित ध्यानात ठेवावे लागते. वयाबरोबर मोटारीची किंमत उतरते. सुट्या भागांची मात्र उतरत नाही.

फोर्डच्या ‘मस्टँग जीटी’चे उदाहरण बोलके आहे. पाच लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन असलेली ही मोटार २०१६ साली सुमारे ६५ लाख रुपये किमतीला (शोरूमची किंमत) भारतात दाखल झाली. ती अमेरिकेतून संपूर्ण तयार स्थितीत आयात होत असे. पुढे २०२१ मध्ये फोर्डने भारतातील उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला आणि विक्री केंद्रांचे जाळे आक्रसले. या इंजिनाला एका वेळी साडेसात लिटरहून अधिक ऑइल लागते. लहान मोटारीचे काम तीन-साडेतीन लिटरमध्ये भागते. पुढचे व मागचे टायर वेगवेगळ्या रुंदीचे असल्याने ते आलटूनपालटून वापरून आयुष्य वाढविता येत नाही.

आधी तपासणी, मग बयाणा

मोटार पाहायला जाताना जाणकार मेकॅनिक सोबत असावा. इंजिन थंड असतानाच ते सुरू करून पाहावे. गरम इंजिन अनेक दोष झाकते. मोटार लिफ्टवर चढवून खालची बाजू तपासावी, कारण कमी उंचीच्या या मोटारी गतिरोधकांवर घासतात. टायरच्या कडेवरील चार आकडी संकेतांकातून त्याचे वय कळते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. किलोमीटरचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहावा.

कागदपत्रे महत्त्वाची

मोटारीची खरी जोखीम कागदांत दडलेली असते. सप्टेंबर २०२५ मध्ये भूतानमार्गे बेकायदा आणल्याच्या संशयावरून सीमाशुल्क विभागाने केरळात जुन्या महागड्या मोटारींचा शोध घेत छापे घातले. अशा प्रकरणात पैसे मोजलेल्या ग्राहकाची मोटारही जप्त होऊ शकते. त्यामुळे पहिली नोंदणी कोठे झाली आणि सीमाशुल्क भरले गेले काय, हे पाहणे अगत्याचे ठरते. चेसिस व इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळवून घ्यावेत. कर्जाचा बोजा उतरला आहे का आणि दंडाची ई-चलाने थकली आहेत का, याचीही खात्री करावी.

हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. मोटार परराज्यातील असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हवे. महाराष्ट्रात नव्याने नोंदणी करताना येथील रस्ता करही भरावा लागतो आणि आयात मोटारींसाठी त्याचा दर चढा असतो. विमा नव्या मालकाच्या नावे करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा. दावा न केल्याबद्दलची सवलत मात्र विक्रेत्याकडेच राहते.

जवळची सारी पुंजी खरेदीतच संपणार असेल, तर अशी मोटार न घेतलेलीच बरी. पहिल्या वर्षाचे टायर, ब्रेक, बॅटरी आणि विमा यांचा खर्च बाजूला काढून उरलेल्या रकमेत जी बसेल, तीच आपली मोटार.