भिंतीवरील चौकाकडून कागदावरील शिवाराकडे : वारली चित्रांतील दैनंदिन जीवन आणि लोकपरंपरा

बीजशब्द : वारली चित्रकला, लग्नचौक, सवाशिणी, माध्यमांतर, आमाते चित्रे, लोककला आणि बाजारपेठ

प्रस्तावना :

ग्रामीण माणसाचे रोजचे जगणे आणि त्याच्या लोकपरंपरा यांतून जन्मलेली चित्रे जगाच्या अनेक भागांत आढळतात. महाराष्ट्रात अशा चित्रांचा विचार करताना वारली चित्रकलेचे नाव प्रथम पुढे येते. तारप्याभोवती फेर धरलेली त्रिकोणी माणसे, भातलावणी, मासेमारी, मळणी ही दृश्ये आज पालघर जिल्ह्याच्या सीमा ओलांडून शाळांच्या भिंतींवर, लग्नपत्रिकांवर आणि साड्यांच्या काठांवर पोहोचली आहेत. वारली वस्तीपासून दूर, भीमेच्या खोऱ्यात असलेल्या वरवंडसारख्या गावातील विद्यार्थ्यालाही ती अपरिचित राहिलेली नाहीत.

या परिचयातून दोन समजुती रूढ झाल्या आहेत. एक, ही चित्रे आज दिसतात तशीच प्राचीन काळापासून काढली जात आहेत. आणि दुसरी, दैनंदिन जीवनाचे चित्रण हाच या कलेचा मूळ हेतू आहे. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. प्रस्तुत लेखात त्यांची तपासणी केली असून, मेक्सिकोतील आमाते चित्रांच्या समांतर उदाहरणाच्या आधारे माध्यम बदलल्यामुळे लोककलेत काय घडते, याचे विवेचन केले आहे.

उद्दिष्टे :

१. वारली भित्तिचित्रांचे विधीशी असलेले नाते स्पष्ट करणे.
२. भिंतीवरून कागदाकडे झालेल्या संक्रमणाचे स्वरूप समजून घेणे.
३. मेक्सिकोतील आमाते चित्रांशी या संक्रमणाची तुलना करणे.
४. या बदलातील लाभ आणि हानी यांचा विचार करणे.

भिंत, चौक आणि सवाशिणी :

वारली समाज प्रामुख्याने डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या परिसरात राहतो. २०१४ पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. त्या वर्षी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. वारल्यांचे पारंपरिक घर कुडाचे. कारवीच्या काठ्यांच्या कुडावर माती आणि शेण यांचा लेप दिला जातो, त्यावर गेरूचा हात फिरतो आणि तांदळाच्या पिठात पाणी कालवून केलेल्या पांढऱ्या रंगाने चित्र काढले जाते. टोक ठेचून वा चावून मऊ केलेली बांबूची काडी हाच कुंचला होय. चित्रासाठी लागणारी प्रत्येक वस्तू शिवारातून आणि स्वयंपाकघरातून येते.

हे चित्र मात्र केव्हाही, हौसेखातर काढले जात नसे. विवाहप्रसंगी भिंतीवर लग्नचौक काढणे अनिवार्य मानले जाते. हा चौक सवाशिणी, म्हणजे सौभाग्यवती स्त्रिया, काढतात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. ती सुफलतेची, धान्याची आणि संततीची देवता होय. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावरील पंचशिऱ्या देव असतो. लग्नविधी सांगणारी धवलेरी हीसुद्धा स्त्रीच असते. तिच्या गाण्यांवाचून विवाह पूर्ण होत नाही. म्हणजे देवीला आकार देणारे हात आणि तिला साद घालणारा आवाज हे दोन्ही स्त्रियांचे आहेत.

चौकाबाहेर झाडे, पक्षी, वरात, नाचणारी माणसे यांचे चित्रण होतच असे. त्यामुळे दैनंदिन जीवन भिंतीवर मुळीच नव्हते, असे म्हणता येणार नाही. तथापि त्याचे स्थान कडेला होते. मध्य देवीचा होता. शिवाय हे चित्र टिकवण्यासाठी नव्हते. लग्न पार पडले की धुराने व पावसाळ्याने ते पुसट होई आणि पुढील मंगलकार्याच्या वेळी भिंत पुन्हा सारवली जाई.

विवाहाची दुसरी बाजू :

या चित्रांतील जीवन केवळ आनंदी, निसर्गमय मानणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्या विवाहासाठी चौक काढला जाई, तोच विवाह अनेक कुटुंबांना गुलामीत ढकलत असे. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेणाऱ्या वारल्याला ते फेडण्यासाठी त्याच्याकडे राबावे लागे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. ही पद्धत आणि वेठबिगार यांच्याविरुद्ध १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला. शामराव व गोदावरी परुळेकर यांनी त्याचे नेतृत्व केले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्याचा वृत्तान्त आला आहे. चौकातील सुफलतेची प्रार्थना किती निकडीची होती, हे या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते.

कागदाचे आगमन :

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात बिहारमध्ये दुष्काळ पडला असता मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी हे हस्तकला विभागाच्या वतीने मधुबनी परिसरात गेले आणि तेथील भित्तिचित्रे काढणाऱ्या स्त्रियांना त्यांनी कागद दिला. या योजनेमागे पुपुल जयकर यांची प्रेरणा होती. सत्तरच्या दशकाच्या आरंभी कुलकर्णी डहाणू परिसरात आले. येथेही त्यांनी कागद आणि रंग दिले. पण परिणाम निराळा झाला. मिथिलेत कागदावरील चित्रकार म्हणून प्रथम स्त्रियाच पुढे आल्या. वारली समाजात मात्र कागदावर प्रामुख्याने पुरुष चित्रे काढू लागले.

त्यांतील अग्रणी म्हणजे गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे. विधीच्या प्रसंगाची वाट न पाहता केवळ चित्रासाठी चित्र काढणारे ते पहिले महत्त्वाचे वारली चित्रकार होत. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री किताब प्राप्त झाला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रात मासेमारीचे जाळे शेकडो बारीक रेषांनी सारा कागद व्यापते आणि माणसे त्याच्या काठाशी लहान होऊन राहतात. असे चित्र लग्नचौकाच्या भिंतीवर संभवत नाही. ते कागदानेच शक्य केले.

येथे महत्त्वाचा बदल घडला तो मांडणीत. कागदावर देवीचा चौक आवश्यक राहिला नाही. त्यामुळे पूर्वी कडेला असलेले शिवार मध्यभागी आले. आज ज्याला वारली चित्रांतील दैनंदिन जीवन म्हटले जाते, त्याचा आजचा विस्तार हा कागदावरील सुमारे पाच दशकांचा आहे.

मेक्सिकोतील समांतर उदाहरण :

असेच संक्रमण काही वर्षे आधी मेक्सिकोत घडले होते. पुएब्ला राज्यातील सान पाब्लितो या डोंगराळ गावचे ओतोमी लोक वड-उंबराच्या कुळातील झाडांच्या सालीपासून ‘आमाते’ नावाचा कागद बनवतात. साल चुन्याच्या वा राखेच्या पाण्यात उकळून तिच्या पट्ट्या फळीवर आडव्या-उभ्या मांडतात व दगडाने ठेचून एकजीव करतात. स्पॅनिश राजवटीने स्थानिक धर्मविधींशी असलेल्या संबंधामुळे या कागदावर बंदी घातली होती. ओतोमींनी तो आडबाजूला जिवंत ठेवला. ते त्यातून विधीसाठी देवतांच्या आकृती कापत.

दुसरीकडे, गेरेरो राज्यातील बाल्सास नदीच्या खोऱ्यात आमेयालतेपेक, शालित्ला आदी गावांतील नाहुआ कुंभार मातीच्या भांड्यांवर पाने, फुले व पक्षी रंगवत. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी शहरी कलावंत व विक्रेते यांच्या संपर्कातून हे दोन प्रवाह एकत्र आले आणि भांड्यावरील चित्र सालीच्या कागदावर उतरले. भांड्याची वक्र, मर्यादित जागा जाऊन सपाट, विस्तृत जागा मिळताच चित्रात गाव अवतरले. पेरणी, कापणी, लग्न, उत्सव, दफनविधी अशा प्रसंगांच्या या चित्रांना ‘इस्तोरिया’, म्हणजे कथा, असे नाव पडले.

वारली चित्र एका पांढऱ्या रंगात व भौमितिक आकारांत बोलते. आमाते चित्र बहुधा विविधरंगी व तपशिलांनी भरलेले असते. असे असूनही दोहोंतील क्रम सारखाच आहे. पारंपरिक पृष्ठभाग, बाहेरच्या मध्यस्थाचा संपर्क, नवे माध्यम आणि त्यावर ग्रामजीवनाचा विस्तार, असा तो क्रम होय. नव्या माध्यमाने चित्रकारांना नवे बळही दिले. १९९० मध्ये बाल्सास नदीवरील नियोजित धरणामुळे ही गावे बुडण्याची वेळ आली, तेव्हा नाहुआ चित्रकारांनी आपला विरोध आमाते चित्रांतून मांडला. १९९२ मध्ये तो प्रकल्प रद्द झाला.

लाभ आणि हानी :

कागदामुळे वारली चित्रकाराला नाव, उत्पन्न व प्रतिष्ठा मिळाली, हे निर्विवाद आहे. पुढे स्त्रियाही कागदावर चित्रे काढू लागल्या. मात्र ज्या सवाशिणींनी पिढ्यानुपिढ्या चौक काढले, त्यांची नावे कोठेही नोंदली गेली नाहीत. भिंतीवरील चित्रावर स्वाक्षरी नव्हती. कागदावर स्वाक्षरी आली तेव्हा तिची जागा मुख्यतः पुरुषांनी घेतली.

दुसरा प्रश्न हक्काचा आहे. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यामुळे ‘वारली’ या नावाच्या वापराला संरक्षण मिळते. परंतु त्रिकोणी माणसांची नक्कल करून कापडावर यंत्राने छापण्याला केवळ त्याने आळा बसत नाही. आकृतिबंध सर्वत्र पोहोचतो, त्याचा मोबदला मात्र पाड्यावर पोहोचतोच असे नाही.

समारोप :

वारली चित्रकला ही काळाबाहेरची, निनावी परंपरा नाही. तिला स्त्रियांनी जपलेला विधी आहे, कर्जाचा व लढ्याचा इतिहास आहे आणि कागदाने घडवलेला अलीकडचा कालखंड आहे. वर्गात ती शिकवताना त्रिकोण व वर्तुळ यांबरोबरच चौक कोण काढीत असे आणि कशासाठी, हेही सांगितले गेले पाहिजे.

हीच दृष्टी आपल्या परिसराकडे वळवता येईल. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम असणाऱ्या वरवंडसारख्या गावांत दारापुढील रांगोळी, चैत्रांगण, सणाला रंगवलेले बैल हेही प्रसंगापुरते असणारे, स्वाक्षरीविना राहणारे चित्रणच आहे. महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकरवी त्याची नोंद करताना आकृतीबरोबर ती काढणाऱ्या व्यक्तीचे नाव, तिच्या संमतीने, लिहून ठेवले, तर जी उणीव वारली भिंतींच्या बाबतीत राहिली, ती येथे टाळता येईल.