पिसदुऱ्याचे दगड आणि धानाचे कूळ

गोंडपिपरी परिसरातील आपल्या भाविकांना शेतातील धान आणि रानातील बांबू यांची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. दोन्ही गवताच्याच कुळातील. हे कूळ पृथ्वीवर किती जुने, याचा एक मोलाचा पुरावा आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातील पिसदुरा येथे मिळाला आणि तोही डायनासोरच्या विष्ठेतून!

जीवाश्म म्हटले की आपल्याला हाडेच आठवतात. पिसदुऱ्यास हाडेही सापडतात. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी रेव्ह. स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, हे स्थळ अभ्यासकांना ठाऊक आहे. तेथील विष्ठेच्या दगड झालेल्या गोळ्यांवर सी. ए. मॅटली यांनी १९३९ साली लेख प्रसिद्ध केला. हाडावरून प्राण्याची अंगकाठी कळते. त्याने खाल्ले काय, हे असे गोळेच सांगू शकतात.

ते कसे? धानाची पात हातावरून ओढली गेली तर कातडी चिरते, हे कापणी करणाऱ्या प्रत्येकास माहीत आहे. गवत जमिनीतील सिलिका शोषून आपल्या पेशींत साठविते. पान पचते, कुजते. सिलिकेचे सूक्ष्म कण मात्र टिकतात आणि वनस्पतीगणिक त्यांचा आकार निराळा असतो. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे कण ओळखले आणि २००५ साली 'सायन्स' नियतकालिकात जाहीर केले, की या गोळ्यांत किमान पाच प्रकारच्या गवतांचे अंश आहेत. काहींचे नाते धान-बांबूच्या शाखेशी जुळते. गोळ्यांचे वय सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षे! डायनासोर नामशेष झाल्यानंतरच गवताचा विस्तार झाला, हा तोवरचा समज त्यामुळे डळमळला. २०११ साली धानाच्या निकट गणाचेही अवशेष तेथून नोंदविले गेले.

मात्र डायनासोर भात खात होते, असा अर्थ कोणी काढू नये. गवताबरोबर सूचिपर्णी, ताडवर्गीय व इतर वनस्पतींचे अंशही त्यांत आहेत. विष्ठा नेमकी कोणाची, हेही गोळ्यावर लिहिलेले नसते. आसपास टायटॅनोसॉर या अजस्र शाकाहारी डायनासोरांची हाडे आढळतात, म्हणून ती त्यांची मानली जाते. वयसुद्धा गोळ्यावरून नव्हे, तर तो ज्या थरात पडून होता त्यावरून ठरते. कुतूहलाने उचलून घरच्या कपाटात ठेवलेला गोळा म्हणूनच अभ्यासकाला फारसे काही सांगू शकत नाही.