सुटे पंख, पक्के पंख

टोकापासून टोकापर्यंत तीन मीटर पंखांचं रेडिओ-नियंत्रित विमान फ्लॅटच्या जिन्यातून उतरत नाही, रिक्षात तर मावतच नाही. शिवाय चिकलठाणा विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत ते परवानगीशिवाय उडवता येत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या हौशी माणसाला गावाबाहेर जावंच लागतं. म्हणून पंख सुटे ठेवतात.

ते बोल्टच्या जोरावर टिकतात, असा अनेकांचा समज असतो. खरा भार पेलते ती धडातून आरपार जाणारी ॲल्युमिनियमची किंवा कार्बन फायबरची नळी. १० किलोचं विमान झटक्यात वर खेचलं आणि भार पाचपट झाला, तर प्रत्येक पंखावर सुमारे २५ किलोंचा जोर येतो. पंख वाकवू पाहणारा हा जोर नळीच सोसते. मागची छोटी खुंटी पंखाला नळीभोवती फिरू देत नाही. बोल्टकडे उरतं ते पंख बाहेर सरकू न देणं. त्याला नायलॉनही पुरतं, आणि आपटल्यावर बोल्ट आधी तुटला तर पंखाचं मूळ वाचू शकतं. वाळूजच्या कारखान्यांच्या शहरात पोलादी बोल्टचा मोह होणारच, म्हणा!

पेट्रोल इंजिनाच्या थरथरीने बोल्ट सैल होतात, तेव्हा प्रत्येक उड्डाणाआधी पंखाचं टोक धरून हलवून पाहावं. पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, म्हणजे एलेरॉन, फिरवणाऱ्या सर्व्हो मोटरची वायरही ओढून बघावी.