मागच्या सीटचं त्रैराशिक

मराठी घरात गाडीत किती माणसं बसतात हे कंपनी ठरवत नाही, घरातली कर्ती बाई ठरवते. कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पाच. आपण मोजतो ते असं : पुढं दोघं, मागं चौघं, आणि मांडीवरच्यांना काही वेगळी जागा लागत नाही. लग्न, बारसं, कुलदैवत, गावची जत्रा, निमित्त कुठलंही असो, 'अहो, सरका थोडं, होतंय सगळं' हे वाक्य एसटीच्या बाकावरून थेट आपल्या मोटारीत आलेलं आहे. मांडी ही आपल्याकडची सर्वांत जुनी बालखुर्ची. ती विकत आणावी लागत नाही, बसवावी लागत नाही आणि बाळ रडायला लागलं तर थोपटतेसुद्धा.

आमच्या घरचा हा हिशेब गेल्या वर्षी बदलला. थोरली नात पाच वर्षांची, तिच्या पाठीवर जुळे नातू. ते अकरा महिन्यांचे झाले तेव्हा कराडजवळच्या आमच्या गावी जायचं ठरलं, आणि सूनबाईंनी जाहीर केलं, "तिघांनाही आपापली खुर्ची. त्याशिवाय गाडी निघणार नाही." मुलानं मान डोलावली. सौ. मात्र गप्प झाली. आमच्या घरात गप्प होणं ही हरकत समजली जाते.

मुलानं टेप माझ्या हातात दिली. मी आयुष्यभर कारखान्यात जिग-फिक्श्चरची ड्रॉइंग्ज काढली. ठरलेल्या जागेत ठरलेली वस्तू न हलता कशी बसवायची, हाच माझा धंदा. तेव्हा हे काम माझ्याकडं येणं रास्तच होतं.

मांडीचं वजन

टेपच्या आधी मात्र सौ.च्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं होतं. ती म्हणाली, "मी घट्ट धरून बसेन की एकाला. माझ्या हातातून सुटेल का तो?"

मी कागद घेतला. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. समोरून धडक बसली, गाडीचं नाक चेपलं आणि समजा अर्ध्या मीटरात गाडी थांबली, तर आतल्या प्रत्येक शरीरावर त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. आमचा एकेक नातू नऊ किलोचा. म्हणजे त्या क्षणी १८० किलोचा. धान्याची जवळजवळ दोन पोती. ती धरायला अर्धा सेकंदही मिळत नाही. हाच वेग दुसऱ्या भाषेत सांगायचा तर दहा मीटरवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्याचा. आणि धरणाऱ्या माणसानं स्वतः पट्टा लावलेला नसेल तर बाळ त्याच्या शरीराखाली पुढच्या सीटवर दाबलं जातं.

सौ.नं कागद वाचला, घडी करून टेबलावर ठेवला. "पोती नको म्हणूस त्यांना," एवढंच म्हणाली.

मांडीचा हा मोह आपल्यापुरताच आहे असं समजायचं कारण नाही. तीन ठिकाणी अडकवायचा पट्टा व्होल्व्हो कंपनीच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणला, तो मोठ्यांसाठी. त्या आधीच्या लहान मुलांच्या खुर्च्या म्हणजे मुलाला बाहेरचं दिसावं आणि त्यानं वळवळ करू नये म्हणून सीटला अडकवलेली बैठक, इतकंच. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी १९६४ मध्ये मागं तोंड करून बसवायची खुर्ची तयार केली. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात, म्हणजे जोर सगळ्या पाठीवर वाटला जातो, हे पाहून त्यांना ती सुचली. अमेरिकेत टेनेसी राज्यानं लहान मुलांना अशा खुर्चीत बसवण्याचा कायदा पहिल्यांदा केला आणि तो १९७८ पासून लागू झाला. त्यामागं रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांची खटपट होती. गंमत म्हणजे त्याही कायद्यात एक पळवाट होती : बाळ मोठ्या माणसाच्या हातात असेल तर चालेल! ती काढून टाकायला १९८१ उजाडावं लागलं.

तीन खुर्च्या, एक बाक

आता टेप. आमची गाडी साधी, छोटी. मागच्या बाकावर दोन्ही दारांच्या हातटेकूंमध्ये अंतर भरलं १३० सेंटिमीटर. दुकानात पाहिलेल्या खुर्च्या साधारण ४४-४५ सेंटिमीटर रुंद. तीन चौके बारा, तीन चोक बारा करत बसायची गरजच नव्हती. ४४ त्रिक १३२. दोन सेंटिमीटरनी गाडं अडलं. दार लागणार नाही, किंवा लागलं तर खुर्ची तिरकी बसेल, आणि तिरकी बसलेली खुर्ची ही न बसलेल्या खुर्चीइतकीच बेभरवशाची.

पण तीन खुर्च्यांची बेरीज करून हात टेकणाऱ्याला एक गोष्ट सांगितली पाहिजे. खुर्ची सगळीकडं सारखी रुंद नसते. खाली बूड अरुंद, वर खांद्यापाशी रुंद. मागं तोंड केलेल्या खुर्चीचा रुंद भाग पुढच्या सीटच्या बाजूला जातो. पुढं तोंड केलेल्या खुर्चीचा रुंद भाग बाकाच्या पाठीशी येतो. म्हणजे उलटसुलट ठेवल्या तर त्या जिगसॉ कोड्यातल्या तुकड्यांसारख्या एकमेकींत बसतात. जुळ्यांचं तोंड मागंच असायला हवं होतं, कारण तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानानं फार मोठं, जन्मतः उंचीच्या चौथा हिस्सा असतं, आणि मान अजून कच्ची असते. समोरून धडक बसली तर मागं तोंड केलेल्या खुर्चीचा द्रोण डोकं, मान, पाठ एकदम झेलतो. युरोपात लागू असलेल्या 'आर १२९' या मानकात किमान पंधरा महिने मागं तोंड हा नियमच आहे. त्यापुढंही खुर्चीची मर्यादा संपेपर्यंत तसंच ठेवावं असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. थोरलीला मात्र पुढं तोंड केलेली, पाठ असलेली बूस्टर खुर्ची. ती मुलाला उंच करते, म्हणजे मोठ्यांचा पट्टा गळ्यावरून आणि पोटावरून न जाता खांद्याच्या मध्यावरून आणि कमरेच्या हाडावरून जातो. बूस्टर मध्ये, जुळे दोन खिडक्यांपाशी, असं ठरलं.

खुर्ची घ्यायला जाताना मी पुठ्ठा कापून बाकाच्या मापाचा नमुना बरोबर नेला. दुकानदारानं आधी हसून घेतलं. मग तोच नोकराला म्हणाला, "काकांना खुर्च्या खाली पार्किंगमध्ये लावून दाखव." गाडीत बसवून पाहिल्याशिवाय खुर्ची घेऊ नये. खोक्यावरची रुंदी आणि गाडीतली रुंदी यांत फरक पडतो. शेवटी जुळ्यांसाठी ४३-४३ च्या आणि थोरलीसाठी ४१ ची अशा अरुंद खुर्च्या मिळाल्या. बेरीज १२७. तीन सेंटिमीटर शिल्लक!

आयसोफिक्स की पट्टा?

नव्या गाड्यांत बाकाची पाठ आणि बैठक यांच्या फटीत दोन लोखंडी दांड्या असतात. मधलं अंतर २८० मिलिमीटर. खुर्चीचे दोन हुक त्यांत खट्‌ करून अडकतात. याला आयसोफिक्स म्हणतात. याचं आंतरराष्ट्रीय मानक १९९९ मध्ये आलं. सोय उत्तम, चुकायची शक्यता कमी. पण तीन खुर्च्यांच्या घराला त्यात एक अडचण असते. या दांड्या बहुधा खिडकीकडच्या दोनच जागांना असतात, आणि त्यांत अडकवलेली खुर्ची बोटभरही बाजूला सरकत नाही. पट्ट्यानं बसवलेली खुर्ची दाराकडं थोडी ढकलता येते. मधली जागा मोकळी होते ती तेवढ्यानंच. खुर्ची दोन्ही पद्धतींनी बसवायची असेल आणि ती नीट बसवली, तर सुरक्षितता तीच. म्हणून आम्ही जुळ्यांच्या खुर्च्या पट्ट्यानं बसवल्या.

नीट बसली हे कसं ओळखायचं? पट्टा जिथून ओवला आहे तिथं खुर्ची धरून हलवायची. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. मी गुडघा खुर्चीत रोवून पट्टा ओढला तेव्हा कुठं जमलं. बाळाच्या अंगावरचे पट्टे इतके घट्ट हवेत की खांद्यापाशी चिमटीत पकडायचा प्रयत्न केला तर पट्ट्याची घडी होऊ नये. त्यांच्याखाली जाड स्वेटर नको. तो दाबला जातो आणि पट्टा सैल पडतो. थंडी असेल तर पट्टे लावल्यावर वरून दुपटं घालावं.

मधल्या बूस्टरची वेगळीच कटकट. तिचं बकल दोन खुर्च्यांमध्ये पुरलं जातं. बूस्टरला खांद्यावरून येणारा पट्टा लागतोच; अनेक जुन्या गाड्यांत मधल्या जागेला नुसता कमरपट्टा असतो, तिथं बूस्टर चालत नाही. आमच्या गाडीत तो होता. पण नातीचा हात बकलपर्यंत पोहोचेना. अखेर क्रम ठरला : आधी ती बसणार, तिचा पट्टा लागणार, मग जुळे.

आणखी एक घोळ पुढं निघाला. मागं तोंड केलेल्या खुर्च्यांना लांबी लागते. पुढच्या दोन्ही सीटा सरकवल्या तर सहा फुटी मुलाचे गुडघे स्टिअरिंगला लागायला लागले. तेव्हा गाडी चालवायचं काम उंचीनं लहान असलेल्या सूनबाईंकडं गेलं. स्टिअरिंग आणि छाती यांत २५ सेंटिमीटर राहतात ना, तेही मी मोजलं. मुलगा शेजारी पाय आखडून बसतो. या जागेबद्दल एक गोष्ट कधीही विसरू नये : समोर एअरबॅग चालू असेल तर पुढच्या सीटवर मागं तोंड केलेली बालखुर्ची ठेवायची नाही. फुगणारी पिशवी थेट खुर्चीच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागं आदळते.

"सात सीटर घ्या ना," असं शेजाऱ्यांनी सुचवलं. तीही पाहून आलो. मधल्या रांगेत खुर्च्या पक्क्या बसवल्या की ती सीट दुमडत नाही, मग तिसऱ्या रांगेत जायचं कसं? आणि ती रांग उघडली की सामानाला जागा उरत नाही. जुळ्यांचं सामान ज्यांनी पाहिलं आहे त्यांना जास्त सांगायला नको.

कायदा आणि सवय

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यातल्या १९४-ब कलमानं चौदा वर्षांखालचं मूल पट्टा किंवा बालखुर्चीशिवाय नेणाऱ्या चालकाला १००० रुपये दंड सांगितला आहे. दुचाकीवरच्या नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चालकाशी बांधणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'भारत एनकॅप' चाचणीत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे बालखुर्चीत बसवून गाडी आदळून पाहतात. त्याचे तारे वेगळे दिलेले असतात. गाडी घेताना सनरूफ आहे का हे विचारणाऱ्यांनी तेही विचारावं.

सवय मात्र घरातच बदलावी लागते. आपल्याकडं पाळणा, दुपटी, झबली एका घरून दुसऱ्या घरी जातात. ती चांगली रीत आहे. बालखुर्चीला मात्र तिचा इतिहास विचारावा. ती अपघातात सापडलेली असेल, लेबलावरची मुदत संपली असेल, किंवा ती कुठून आली हेच कुणाला माहीत नसेल, तर नाही म्हणावं. बाळ पहिले दोन-तीन प्रवास रडतं. नंतर त्याला ती आपली जागा वाटू लागते.

उरलेली दोघं

त्रैराशिक सुटलं. बाकी उरली ती आम्ही दोघं. मागं तीन खुर्च्या, पुढं दोघं. पाच माणसांची गाडी खरोखरच पाच माणसांची झाली. "आई-बाबा कसे येणार?" हा प्रश्न मुलानं विचारला तेव्हा त्याचा आवाज थोडा खाली गेला होता. सौ. तेव्हाही गप्पच होती. नातवांना मांडीवर घेऊन गावाला जायचं, वाटेत त्यांना शेतं, बैल, पवनचक्क्या दाखवायच्या, हे तिनं त्यांच्या जन्माआधीपासून ठरवलेलं. ते कुठल्या टेपनं मोजता येण्यासारखं नव्हतं, आणि मी मोजायच्या फंदात पडलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, "आपण एसटीनं जाऊ." २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट, आणि पासष्ट ओलांडल्यामुळं मलाही निम्मं. दोघांचं मिळून एक तिकीट! स्वारगेटहून आम्ही त्यांच्याआधी दोन तास निघालो. खिडकीशी बसून तिनं पिशवीतून गुळपापडीचा डबा काढला आणि पहिल्यांदाच मनमोकळं हसली. "आधी पोचू," म्हणाली, "म्हणजे पाणी तापवून ठेवता येईल."

गाडी दारात आली तेव्हा ती ओट्यावर बसून होती. सूनबाईंनी एकेक बकल सोडलं. आधी एक, मग दुसरा, आणि शेवटी धावत थोरली. तिघंही तिच्या मांडीवर एकदम मावेनात. तिनं पदर सावरला, पाय पसरले आणि म्हणाली, "सरका रे थोडं. होतंय सगळं."