जुन्या यंत्राची नवी मोटर

रंगीत छायाचित्राचा कागद धुण्याचें काम वरवर पाहतां रसायनांचें दिसतें. वस्तुतः तें घड्याळाचें काम आहे. ‘आर. ए. ४’ या प्रचलित पद्धतींत ३५ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या डेव्हलपरमध्यें कागद ४५ सेकंद राहावा, तितकाच वेळ ब्लीच-फिक्समध्यें राहावा, आणि शेवटीं दीड मिनिट पाण्यानें धुतला जावा, असा नियम आहे. हें सारें अंधारांत चालावयाचें; म्हणून वेळ सांभाळण्याचें ओझें यंत्रावर सोंपविण्यांत आलें. या यंत्रांत रबरी रुळांच्या जोड्या एकामागून एक बसविलेल्या असतात व त्या कागदाला एका कुंडांतून दुसऱ्या कुंडांत नेतात. उत्तर इटलींतील ब्रिक्सन येथील डर्स्ट या कारखान्याचें ‘प्रिंटो’ हें घरगुती उपयोगाचें असेंच एक यंत्र होय.

संगणकाच्या साहाय्यानें होणारी छपाई रूढ झाल्यावर अशीं पुष्कळ यंत्रें जुन्या बाजारांत आलीं. हौशी मंडळी तीं विकत घेतात; परंतु कित्येक यंत्रांची मूळ मोटर बंद पडलेली असते, आणि पूर्वीच्या मालकानें तिच्या जागीं हातास येईल ती दुसरी बसविलेली असते. खरी मेख येथेंच आहे. या यंत्रांत मोटर केवळ बळ पुरवीत नाहीं. तीच घड्याळहि असते. डेव्हलपरमधील वाट ३० सेंटिमीटर लांबीची असेल, तर ती ४५ सेकंदांत पुरी होण्यास कागदाची गति मिनिटाला ४० सेंटिमीटर असली पाहिजे. गति वाढली कीं काळे भाग फिके पडतात. फार मंदावली कीं पांढऱ्या भागावर मळकट छटा चढूं लागते. नवा मालक मात्र रसायनें बदलीत बसतो व महागडा कागद वायां जातो.

यास्तव प्रथम दोष कोणाचा तें ठरवावें. सारखाच प्रकाश दिलेले कागदाचे दोन तुकडे घ्यावे. एक यंत्रांतून काढावा. दुसरा त्याच रसायनांत, त्याच उष्णतेवर, लहान थाळींत सेकंद मोजून हातानें धुवावा. थाळींतला चांगला व यंत्रांतला वाईट निघाला, तर रसायनें निर्दोष समजावीं. दोन्ही सारखेच वाईट निघाले, तर मोटरीला हात लावण्याचें कारण नाहीं.

दोष यंत्राचा ठरल्यास कुंडांत साधें पाणी भरावें, तें तापूं द्यावें आणि दिव्याच्या उजेडांत रद्दी कागद सोडावा. त्याची पुढची कड पहिल्या कुंडांतील पाण्यांत शिरल्यापासून दुसऱ्या कुंडांत शिरेपर्यंतचा वेळ मोजावा. ही मोजणी दहा वेळां करावी, कारण दहा आंकड्यांची तुलना एका आंकड्यापेक्षां पुष्कळ अधिक सांगते.

वेळ चुकीचा परंतु दर खेपेस सारखाच निघाला, तर मोटर किंवा दातेरी चाकांचें प्रमाण यंत्राशीं जुळत नाहीं, असें समजावें. कांहीं मोटरींची गति विजेच्या आवर्तनांशीं जखडलेली असते. अमेरिकेंत विजेचीं आवर्तनें सेकंदाला ६०, तर भारतांत ५० आहेत. तेथील अशी मोटर येथें पांच-षष्ठांश गतीनेंच फिरते, आणि ४५ सेकंदांचे ५४ होतात. ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब उतरवितो, आवर्तनें बदलीत नाहीं. तेव्हां येथें चाकांचें प्रमाण बदलणें हाच उपाय.

उलट, दर खेपेस वेळ निराळा येत असेल, तर संशय भारावर घ्यावा. एकदिश प्रवाहावर चालणारी साधी मोटर भार वाढतांच मंदावते. आणि रुळांच्या टोकांशीं वाळलेल्या रसायनांचे खडे जमले कीं भार वाढतोच. रुळांचा सांचा काढून कोमट पाण्यांत भिजवावा व हातानें फिरवून पाहावा. एकाच ठिकाणीं अडत असेल, तर चाकाचा दांता तुटलेला असण्याचा संभव आहे. मोटर फिरते पण रूळ मधूनच थांबतात, असें दिसल्यास दोहोंना जोडणारा स्क्रू ढिला झाला असावा. रूळ उलटेच फिरूं लागले, तर अशा मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल झाली आहे.

कागदावर ठराविक अंतरानें डाग उमटत असतील, तर तें अंतर मोजावें. २५ मिलिमीटर व्यासाच्या रुळाचा परीघ सुमारें ७८.५ मिलिमीटर असतो; डागांतील अंतर तितकें निघाल्यास अपराधी त्याच मापाचा एखादा रूळ होय.

या सर्वांआधीं एक दक्षता आवश्यक आहे. जेथें खारें द्रावण व वीज शेजारीं नांदतात, तेथें परक्या हाताच्या जोडणीवर विश्वास ठेवूं नये. प्लग काढल्याशिवाय झांकण उघडूं नये. मोटरीचें धातूचें अंग व यंत्राचा सांगाडा अर्थिंगच्या तारेशीं जोडलेला आहे कीं नाहीं, हें जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावें. बिघडलेला कागद दुसरा आणतां येतो. ओल्या हातास बसलेला विजेचा धक्का मात्र प्राणावर बेततो.