ताई कुठे आहे?

नऊ भावंडांचे भरलेले घर. पैशाला तोटा नाही, पण वडील घरी कमी आणि बाहेरगावीच जास्त. कधी बँक, कधी सिनेमाचा धंदा. 1938 मध्ये तर ते अमेरिकेचे राजदूत म्हणून लंडनला गेले. हे जोसेफ केनेडी. मुलांनी प्रत्येक गोष्टीत पहिले यावे, एवढीच त्यांची अपेक्षा!

अशा घरात तिसरे अपत्य असलेली रोझमेरी बुद्धीने मागे राहिली. 1918 चा तिचा जन्म. तिच्याहून तीन वर्षांनी लहान असलेली युनिस तिला पोहायला नेई, शिडाच्या होडीतही सोबत घेई. धाकटीनेच थोरलीला सांभाळायचे, हे त्या घरात ठरूनच गेले होते. आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजही हेच चालते आणि त्या धाकटीला काय वाटते, हे सहसा कुणी विचारत नाही.

रोझमेरी मोठी झाली तशी चिडू लागली, रात्री-अपरात्री बाहेर पडू लागली. घराण्याच्या नावाला बट्टा लागेल, ही वडिलांची धास्ती. 1941 मध्ये त्यांनी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करवली. पत्नीलाही आधी विश्वासात घेतले नाही. तेवीस वर्षांच्या मुलीचे चालणे-बोलणे जवळजवळ संपले. तिला संस्थेत ठेवण्यात आले. घरात तिचा विषयच बंद! ताई कुठे आहे, हे आपल्याला दहाएक वर्षे ठाऊक नव्हते, असे युनिसने पुढे सांगितले. वडिलांना विचारायची हिंमत तरी कोण करणार?

डिसेंबर 1961 मध्ये पक्षाघाताने त्याच वडिलांची वाचा गेली. त्यानंतर कुठे आई आणि भावंडे मोकळेपणी रोझमेरीकडे जाऊ-येऊ लागली.

1962 च्या उन्हाळ्यात युनिसने मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या अंगणात अशा मुलांसाठी शिबिर भरवले. आपल्या मुलाला कुठलेच शिबिर घेत नाही, ही एका आईची तक्रार तिच्या कानी आली होती. त्याच वर्षी एका साप्ताहिकात लेख लिहून तिने बहिणीच्या अपंगत्वाची गोष्ट उघड केली. शस्त्रक्रियेबद्दल मात्र त्यात चकार शब्द नव्हता. जुनी भीती इतक्या सहज थोडीच जाते!

20 जुलै 1968 रोजी शिकागोत सुमारे एक हजार खेळाडूंचे पहिले ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ भरले. रोझमेरीही पुढे सुट्टीत बहिणीच्या घरी येऊ लागली, तिच्याबरोबर पोहू लागली. जानेवारी 2005 मध्ये तिने डोळे मिटले, तेव्हा युनिस तिच्या उशाशी होती.