दांडा, दगड आणि वीस अंश

सुरीची धार उजेडात चमकताना दिसली, की समजावं ती बोथट झाली आहे. धार वर करून सुरी धरायची आणि मोबाइलचा टॉर्च सरळ तिच्यावर पाडायचा. जिथे धार गोल झाली असेल, एका बाजूला वळली असेल किंवा तिचा टवका उडाला असेल, तिथे पांढरी रेघ नाही तर ठिपका दिसतो. शाबूत धारेवर काहीच दिसत नाही. पात्याचे दोन्ही उतार इतक्या अरुंद रेषेत मिळालेले असतात, की उजेड परतवायला तिथे पृष्ठभागच उरत नाही. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो; चांगल्या धारेची जाडी एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी असते.

धार लावायला बसण्याआधी ही तपासणी मी न चुकता करते, कारण तिच्यावरून काम किती आहे ते कळतं. आमच्या रोजच्या सुरीवर पांढरी रेघ बहुधा पात्याच्या पोटाशी सापडते, टोकापासून तीन-चार बोटं मागे. कांदा, कोथिंबीर, कोबी चिरताना बोर्डवर सर्वांत जास्त तोच भाग आदळतो. मुठीजवळची धार मात्र महिनोन्‌महिने तशीच राहते.

नुसत्या दगडावर हाताने धार लावणं ही फार जुनी आणि चांगली पद्धत आहे. तिच्यात अडचण एकच: कोन. हात पुढे जाताना मनगट किंचित वर उठतं, मागे येताना किंचित पडतं. प्रत्येक फेरीत दोन-तीन अंशांचा फरक पडला, तरी दोन उतारांच्या मधली रेषा टोकदार होण्याऐवजी गोल होत जाते. सुताराच्या, न्हाव्याच्या, शिकलगाराच्या हातात हा कोन वर्षानुवर्षांच्या सवयीने बसलेला असतो. घरी दोन-तीन महिन्यांतून एकदा दगड काढणाऱ्याच्या हातात तो बसणं कठीण. दांड्याचा संच आहे तो यासाठी.

त्याची रचना साधी असते. खाली वजनदार बैठक, तिच्यावर सुरी आडवी घट्ट धरणारा क्लॅम्प आणि मागे एक उभा खांब. खांबावर वर-खाली सरकणारा गोल सांधा असतो आणि त्या सांध्यातून लांब दांडा आरपार जातो. दांड्याला दगड अडकवायचा आणि तो धारेवर पुढे-मागे फिरवायचा. सांधा वर सरकवला की कोन वाढतो, खाली आणला की कमी होतो. अमेरिकेतल्या लॅन्स्की कंपनीच्या छोट्या संचात हा खांबही नसतो. पात्यालाच क्लॅम्प लावायचा आणि त्याच्या १७, २०, २५ व ३० अंशांच्या भोकांपैकी एकातून दगडाची सळई ओवायची. आज ऑनलाइन मिळणारे स्वस्त-महाग संच वेगवेगळे दिसतात, पण बहुतेकांच्या मुळाशी हीच कल्पना आहे: सुरी स्थिर, दगड फिरता आणि दगडाची वाट आधीच ठरलेली.

कोन किती ठेवायचा हे पोलादावर अवलंबून असतं. जर्मन धाटणीच्या सुऱ्यांत साधारण अर्धा टक्का कार्बन आणि पंधरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं. त्यांचा कठीणपणा रॉकवेल मापावर ५६ ते ५८ भरतो. अशा मऊसर पोलादाला प्रत्येक बाजूने २० अंश मानवतात. जपानी सुऱ्यांचं पोलाद ६० किंवा त्याच्याही पुढे जातं, म्हणून त्यांना १५ अंशांची बारीक धार पेलते. मऊ सुरीला १५ अंश दिले तर पहिल्या दिवशी ती झकास कापेल, पण लाल भोपळ्याशी गाठ पडली की तिची कड वळेल. हिशेब मांडला तर फरक डोळ्यांसमोर येतो. धारेमागे पातं ०.४ मिलिमीटर जाड असेल, तर २० अंशांवर उताराची रुंदी साधारण ०.५५ मिलिमीटर येते आणि १५ अंशांवर ०.७५. उतार जितका रुंद, तितकी त्याच्या कडेला पोलादाची पाठराखण कमी.

सुरी क्लॅम्पमध्ये बसवण्याआधी पात्याला कागदी चिकटपट्टी लावते, म्हणजे दगडातून सुटलेल्या कणांचे ओरखडे पात्यावर उमटत नाहीत. मग चुंबकाने चिकटणारं डिजिटल कोनमापक पात्यावर ठेवून शून्य करायचं आणि दगडावर लावून सांधा हवा तिथे आणायचा. दांडा मुठीपासून टोकाकडे तिरका होत जातो, तेव्हा कोनही बदलत असणार असं पाहणाऱ्याला वाटतं. सरळ धारेवर तसं होत नाही. एक सरळ रेषा आणि तिच्याबाहेरचा एक बिंदू यांतून एकच प्रतल जातं, हे शाळेच्या भूमितीत शिकलेलं इथे प्रत्यक्ष कामाला येतं. रेषा म्हणजे धार, बिंदू म्हणजे सांधा. दगड त्या एकाच प्रतलात फिरत राहतो आणि कोन टिकतो.

कोन बदलतो तो धार वळते तिथे, म्हणजे पोटाकडून टोकाकडे जाताना. क्लॅम्प टोकापासून फार लांब लावला तर टोकाशी कोन घटतो आणि उतार रुंद दिसू लागतो; फार जवळ लावला तर कोन वाढतो आणि उतार अरुंद होतो. म्हणून आधी धारेच्या दोन्ही बाजूंना काळ्या मार्करची रेघ ओढायची आणि बारीक दगड अगदी अलगद फिरवून पाहायचं. शाई उताराच्या फक्त पाठीकडच्या बाजूला पुसली गेली तर कोन कमी आहे, फक्त कडेला पुसली गेली तर जास्त आहे. मुठीपासून टोकापर्यंत शाई सारखी गेली, की क्लॅम्पची जागा बरोबर. या तयारीला धार लावण्याइतकाच वेळ लागतो आणि तो वाचवण्यात काही अर्थ नाही.

आता पहिला दगड. सुरी फारच बोथट असेल तर २४० ग्रिटचा, एरवी ४०० चा; ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक. दगडावर पाण्याचे थेंब टाकायचे आणि टोकाकडे जाताना तो धारेवरून पुरता खाली उतरू द्यायचा नाही. निम्मा दगड टोकाबाहेर गेला की थांबायचं. नाहीतर टोक गोल होतं, शिवाय दगड घसरून बोटं थेट धारेवर येण्याची भीती असते. सुरुवातीला आवाज खरखरीत आणि तुटक येतो. थोड्या वेळाने पाणी काळं पडतं. तो काळेपणा पोलादाच्या भुकटीचा. जुना उतार सपाट होत जातो तसा आवाजही एकसारखा होतो. इथेच काम झालं असं वाटून पुढचा दगड उचलायचा मोह होतो.

कधी थांबायचं ते ठरवते ती बर. उताराचा धातू घासत घासत दगड जेव्हा अगदी कडेपर्यंत पोचतो, तेव्हा कडेचा पातळ धातू तुटून न पडता पलीकडच्या बाजूला दुमडतो. या दुमडीला फिटर, टर्नर मंडळी बर म्हणतात. डोळ्यांना ती सहसा दिसत नाही. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेच्या दिशेने, धारेला आडवा, हलकेच सरकवून बाहेर न्यायचा. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवायचं नाही. बर आली असेल तर उसवलेल्या धाग्यासारखं काहीतरी बोटाला अडकतं. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. पोटाशी लागली आणि टोकाशी नाही, याचा अर्थ टोकाकडे दगड अजून कडेला पोचलेला नाही. मग कितीही बारीक दगड वापरले तरी टोक फक्त चकचकीत होईल, कापणार नाही. घरी लावलेली धार फसते तेव्हा कारण बहुतेक वेळा हेच असतं. खरबरीत दगड लवकर खाली ठेवलेला असतो.

एका बाजूला सलग बर आली की पातं उलटायचं आणि दुसऱ्या बाजूने घासत ती पहिल्या बाजूला आणायची. पुढचे दगड पोलाद काढण्यासाठी नसतात. आधीच्या दगडाचे ओरखडे बारीक करणं एवढंच त्यांचं काम. ८०० चा, मग हजार-दीड हजाराचा. हजार ग्रिटच्या जपानी दगडातले कण दहा-पंधरा मायक्रॉनच्या घरातले असतात. दगड बदलताना एक गोष्ट पाहावी लागते: दोन दगडांची जाडी सारखी नसली तर कोन सरकतो. म्हणून प्रत्येक दगड लावल्यावर कोनमापक पुन्हा ठेवायचं.

शेवटचं काम बर काढून टाकण्याचं. इथे दाब हळूहळू कमी करत न्यायचा, तो इतका की शेवटी दगडाचं नुसतं वजन धारेवर राहावं. एक फेरी या बाजूने, एक त्या बाजूने. मऊ स्टेनलेस पोलादाची बर चिवट असते. ती तुटत नाही, नुसती इकडून तिकडे लोळते. अशा वेळी चामड्याच्या पट्टीवर हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावून पातं पाठीच्या दिशेने, धार मागे ठेवून ओढायचं. बर तशीच राहिली तर सुरी त्या संध्याकाळी अफाट कापते आणि दुसऱ्या दिवशी बोथट होते. धार टिकत नाही म्हणून लोक पोलादाला नावं ठेवतात, त्यातल्या बऱ्याच वेळा दोष राहून गेलेल्या बरेचा असतो.

चाचणीला टोमॅटो घ्यावा. सुरी सालीवर नुसती टेकवून दाब न देता ओढली, की ती आत शिरली पाहिजे. त्यासाठी आरशासारखी गुळगुळीत धार लागत नाही. उलट हजाराच्या आसपास थांबलेल्या धारेला सूक्ष्म दाते राहतात आणि टोमॅटोची, ढोबळी मिरचीची साल ती पटकन पकडते. स्वयंपाकघरासाठी तीन हजार, पाच हजार ग्रिटपर्यंत जाण्यात हौस जास्त आणि उपयोग कमी. कांद्यावर फरक डोळ्यांना जाणवतो. बोथट सुरी कापण्याऐवजी पेशी चिरडते, त्यातून झोंबणारं द्रव्य जास्त सुटतं आणि चिरणाऱ्याला रडवतं.

हा सगळा पसारा ओट्यावर मांडला की आई म्हणते, “अगं, एवढा खटाटोप कशाला? कपाच्या बुडावर दोनदा घासली की झालं.” तिचं म्हणणं खोटं नाही. चिनी मातीच्या कपाच्या बुडाला ग्लेझ नसलेली कडा असते आणि ती पोलादाहून कठीण असते. वळलेली धार त्यावर तात्पुरती ताळ्यावर येते. पण उतारच जाड झाला असेल तर कपाचं काही चालत नाही. सायकलवर चाक लावून फिरणारा धारवाला ते काम दोन मिनिटांत करतो. जाड, खराब झालेल्या पात्याला तोच बरा. पातळ सुरी मात्र कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर देताना पात्याच्या रंगाकडे लक्ष ठेवावं. साध्या कार्बन पोलादावर निळी झाक उमटली, तर तिथलं तापमान तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास गेलेलं असतं. पोलादाला दिलेलं पाणी उतरलं, की ती जागा मऊ पडते आणि तिथे धार टिकत नाही.

दांड्याच्या संचाला स्वतःच्या मर्यादा आहेत. विळी त्यात बसत नाही. तिचं पातं पाटाला जोडलेलं आणि वळणदार, तिला हातातला दगडच हवा. दातेरी सुरीला हे सपाट दगड चालत नाहीत. फणस, नारळ, हाडं यांच्यासाठी कोयता असतो आणि त्याला २० अंशांची नाजूक धार नकोच. पात्याची रुंदी फार कमी असेल तर क्लॅम्प आडवा येतो, म्हणून फळं सोलायची छोटी सुरी यात धरणं त्रासाचं होतं.

लावलेली धार टिकवणं धार लावण्यापेक्षा सोपं आहे. ग्रॅनाइटच्या ओट्यावर, काचेच्या बोर्डवर किंवा स्टीलच्या ताटात चिरलं तर चार दिवसांत सगळी मेहनत वाया जाते. लाकडी किंवा प्लास्टिकचा बोर्ड वापरावा. चिरलेली भाजी कढईत सारताना धार खरवडू नये, सुरी उलटी करून पाठ वापरावी. सिंकमध्ये भांड्यांच्या ढिगात सुरी टाकू नये. लिंबू, टोमॅटो, चिंच यांच्यानंतर ती लगेच धुऊन पुसावी. एवढं पाळलं तर दगडाची गरज लवकर पडत नाही. अधूनमधून चामड्याची पट्टी पुरते.

संच घ्यावा का? घरात शंभर-दीडशे रुपयांची एकच सुरी असेल तर नको. कप आणि धारवाला पुरेसे आहेत. दोन-तीन चांगल्या सुऱ्या असतील आणि त्या रोज वापरात असतील, तर नक्की घ्यावा. घेताना सोबत किती दगड मिळतात हे शेवटी पाहा. आधी दांडा हलवून सांधा डुगडुगतो का आणि क्लॅम्पमध्ये पातं सरकतं का, ते तपासा. या दोन गोष्टी पक्क्या असतील तर कोन संच सांभाळेल. बर आली की नाही, हे मात्र प्रत्येक वेळी आपल्याच अंगठ्याला विचारावं लागेल.